खनिज शोध कंपनीचे लाभांश धोरण: एका ओळीत आटोपण्याचा विषय नाही

धागाकर्ता: खडकवाचक

खनिज शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या वार्षिक अहवालात लाभांशाबद्दल एकच ओळ असते. आजवर लाभांश दिलेला नाही, नजीकच्या काळात देण्याचा विचार नाही, हाती असलेला पैसा शोधकामाला लागेल, असा तिचा अर्थ. वाचणारे ती ओळ वाचून पान उलटतात.

लाभांश का नाही याचे उत्तर सरळ आहे. या कंपनीकडे विकायला माल नाही. पैसा येतो तो नवे शेअर विकून. जातो तो ड्रिलिंग, प्रयोगशाळेतल्या चाचण्या, भूभौतिक सर्वेक्षण, परवान्यांची फी, पगार आणि शेअर बाजारातल्या नोंदणीचा खर्च यांवर. अशा कंपनीने लाभांश वाटला तर तो नफा नसतो. काल शेअर घेणाऱ्याने भरलेले पैसेच आज सगळ्यांना परत वाटलेले असतात.

माझा मुद्दा त्यापुढचा आहे. शोध कंपनीकडे दरवर्षी लाभांश मागणे चूक आहे, पण एकदाच हाती येणाऱ्या मोठ्या रकमेचे काय करणार हे आधी लिहून द्या, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. प्रकल्प विकला जातो, भागीदार मोठी रक्कम देतो, एखादी रॉयल्टी, म्हणजे खाणीच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा मिळण्याचा हक्क, विकली जाते. तेव्हा धोरण कागदावर नसेल तर तो पैसा मूळ प्रकल्पाशी काहीही संबंध नसलेल्या नव्या परवान्यांत जिरतो आणि भागधारकाला हिशेब विचारायला आधारच उरत नाही.

आकडे, कायदा, कर, कोणत्याही बाजूने भर घाला.

प्रतिसाद: ताळेबंद

आकड्यांनी सुरुवात करतो. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण प्रमाण नेहमी दिसते तसेच ठेवले आहे.

कंपनीचे १० कोटी शेअर, भाव २० सेंट. कोणाच्या तरी आग्रहाने शेअरमागे १ सेंट लाभांश दिला, म्हणजे १० लाख डॉलर गेले. ड्रिलिंगचा कार्यक्रम तर ठरलेला आहे, म्हणून तेवढेच पैसे पुन्हा उभे करायचे. खासगी वाटपात, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांना थेट शेअर विकताना, भावावर २० टक्के सूट द्यावी लागली तर नवा शेअर १६ सेंटला जातो. दलालाचे कमिशन ६ टक्के धरले तर हातात १० लाख पडायला १०.६४ लाख उभे करावे लागतात. म्हणजे सुमारे ६६.५ लाख नवे शेअर.

आता खर्च मोजा. कमिशन ६४ हजार. सवलतीपोटी नव्या गुंतवणूकदाराला दिलेले मूल्य ६६.५ लाख गुणिले ४ सेंट, म्हणजे २.६६ लाख. एकूण ३.३ लाख डॉलर. दहा लाख वाटायला तीन लाखांहून जास्त खर्च, आणि यात भागधारकाला लाभांशावर भरावा लागणारा कर धरलेलाच नाही. बहुतेक वाटपांत प्रत्येक शेअरबरोबर पूर्ण किंवा अर्धे वॉरंट, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, द्यावे लागते. तो बोजा वेगळा, आणि भाव वर जायला लागला की नेमका तेव्हाच तो डोक्यावर येतो.

प्रतिसाद: हक्कभाग

ताळेबंद यांच्या गणिताला एक दुरुस्ती. सवलतीचे २.६६ लाख सध्याच्या भागधारकांच्या खिशातून जातात ते शेअर बाहेरच्या माणसाला दिले तरच. तोच पैसा हक्कभाग काढून, सगळ्यांना त्यांच्या प्रमाणात देऊ करून उभा केला आणि सगळ्यांनी घेतला, तर सूट एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवल्यासारखी होते. उरतो फक्त कमिशनचा आणि कागदपत्रांचा खर्च.

अर्थात सगळे घेत नाहीत. छोटे भागधारक कागद उघडूनही पाहत नाहीत, परदेशातल्यांना स्थानिक नियमांमुळे भाग घेता येत नाही आणि उरलेले शेअर ते घेण्याची आधीच हमी दिलेल्या हमीदाराकडे जातात. म्हणून व्यवहारात नुकसान फक्त हा खर्च आणि ३.३ लाख यांच्या मधे कुठेतरी येते. पण हिशेब मांडताना दोन्ही टोके दाखवावीत.

प्रतिसाद: नवा_भागधारक

एक शंका. ताळेबंदात ३ कोटी डॉलर रोख दिसते आणि पुढच्या वर्षाचा कार्यक्रम १ कोटी २० लाखांचा आहे. मग उरलेल्यातला थोडा भाग वाटायला हरकत काय?

प्रतिसाद: ताळेबंद

@नवा_भागधारक, त्या ३ कोटींचे आधी तुकडे करा. रोख म्हणून दिसणारा सगळा पैसा मोकळा नसतो.

पहिला तुकडा फ्लो-थ्रू शेअरचा. कॅनडात हे शेअर विकून आलेला पैसा पात्र शोधखर्चावरच लावावा लागतो, कारण त्या खर्चाची करवजावट कंपनीने गुंतवणूकदाराच्या नावावर केलेली असते. नेहमीच्या पद्धतीत पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत तो खर्च व्हावा लागतो. तो कार्यालयाच्या पगार-भाड्यालाही वापरता येत नाही, मग लाभांशाचे नावच नको. खर्च राहून गेला तर गुंतवणूकदारांची वजावट रद्द होते आणि त्याची भरपाई कंपनीला करारानुसार द्यावी लागते.

दुसरा तुकडा भागीदाराचा. एखादी मोठी कंपनी प्रकल्पात हिस्सा कमावण्यासाठी पैसा देते आणि ड्रिलिंग तुमची कंपनी चालवते. खात्यात रक्कम दिसते, पण ती त्या प्रकल्पालाच बांधलेली असते. तिसरा, जमीन पूर्ववत करण्यासाठी सरकारकडे किंवा बँकेत ठेवलेली हमी. ही सहसा प्रतिबंधित रोख म्हणून वेगळी दाखवतात, पण सादरीकरणाच्या स्लाइडवर कधीकधी एकाच आकड्यात मिसळलेली असते.

हे सगळे वजा केल्यावर उरते ती मोकळी रोख. तिच्यातून किमान बारा, शक्यतो अठरा महिन्यांचा खर्च बाजूला काढा. कारण धातूचे भाव पडले की शोध कंपन्यांना पैसा मिळणे पूर्ण बंद होते, नुसते महाग होत नाही. त्या काळात ज्यांच्या खात्यात रोख असते त्यांना पडत्या भावात शेअर काढावे लागत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत कंपन्यांसाठी परिशिष्ट ५बी हा तिमाही रोख अहवाल वाचा. मुद्दा ८.७ मध्ये सध्याच्या वेगाने पैसा किती तिमाह्या पुरेल ते द्यावे लागते. दोनपेक्षा कमी आले तर पुढे काय करणार हे लेखी सांगावे लागते. मुद्दा ६ मध्ये संचालक आणि संबंधितांना दिलेली रक्कम असते. लाभांशासाठी ३.८ ही स्वतंत्र ओळ आहे. शोध कंपन्यांत ती बहुधा रिकामीच दिसेल, पण मुद्दा ६ चा आकडा सहसा रिकामा नसतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

प्रतिसाद: कलम_उपकलम

द्यायची इच्छा असली तरी कायदा देऊ देईल का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर कंपनी कुठे नोंदलेली आहे यावर ठरते. खाण कुठे आहे यावर नाही.

ब्रिटनमध्ये २००६ च्या कंपनी कायद्याचे कलम ८३०. प्रत्यक्ष झालेल्या संचित नफ्यातून प्रत्यक्ष झालेला संचित तोटा वजा करून जे उरेल तेवढेच वाटता येते. दहा वर्षे नुसते ड्रिलिंग केलेल्या कंपनीकडे संचित तोट्याचा डोंगर असतो. एक प्रकल्प विकून चांगला नफा झाला तरी तो आधी त्या खड्ड्यात जातो. शेअर प्रीमियमच्या खात्यात, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा जास्त मिळालेल्या पैशाच्या खात्यात, कितीही रक्कम असली तरी ती लाभांश म्हणून देता येत नाही. यावरचा मार्ग म्हणजे भांडवल कपात. पब्लिक कंपनीला त्यासाठी विशेष ठराव आणि न्यायालयाची मंजुरी लागते. प्रीमियम खाते रद्द करून तोटा पुसायचा आणि वाटण्याजोगा राखीव निधी तयार करायचा. शोध कंपनीने असा अर्ज केल्याची बातमी आली तर ती नीट वाचा. पैसा वाटायची तयारी चालू आहे असा त्याचा अर्थ असू शकतो.

कॅनडाच्या केंद्रीय कायद्यात कलम ४२ आहे. तिथे नफ्याची अट नाही, पण दोन कसोट्या आहेत. देणी वेळेवर फेडता आली पाहिजेत, आणि मालमत्तेचे वसुलीयोग्य मूल्य देणी अधिक नोंदलेले भांडवल (शेअर विकून आलेला पैसा) या बेरजेपेक्षा कमी होता कामा नये. दुसरी कसोटीच शोध कंपनीला अडकवते. १० कोटी डॉलरचे शेअर विकलेले, त्यातले ७ कोटी जमिनीत छिद्रे पाडण्यात गेलेले, म्हणजे भांडवलाच्या आकड्याएवढी मालमत्ताच उरलेली नसते. मग विशेष ठरावाने नोंदलेले भांडवल कमी करावे लागते. ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक कायद्यात फक्त दिवाळखोरीची कसोटी आहे. अनेक छोट्या कंपन्या तिथेच नोंदलेल्या असतात, त्यामुळे त्यांना ही अडचण कमी येते.

ऑस्ट्रेलियात कंपनी कायद्याचे कलम २५४टी २०१० मध्ये बदलले. आता मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त हवी, वाटप सर्व भागधारकांच्या दृष्टीने न्याय्य हवे आणि देणेकऱ्यांचे पैसे देण्याच्या क्षमतेला त्याने मोठी बाधा येता कामा नये. करखाते मात्र हा लाभांश नफ्यातला की भांडवलातला हे स्वतंत्रपणे तपासते. म्हणून तिथेही मोठी एकरकमी रक्कम बहुतेकदा समान (सगळ्यांना सारख्या प्रमाणात) भांडवल कपात म्हणून, साध्या बहुमताच्या ठरावाने दिली जाते.

प्रतिसाद: खडकवाचक

उत्तम. याला जोडून हिशेबाच्या पद्धतीचा मुद्दा. आयएफआरएस ६ हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक शोधखर्च मालमत्ता म्हणून दाखवायला किंवा लगेच खर्ची टाकायला, दोन्हीला परवानगी देते. त्यामुळे सारखेच ड्रिलिंग केलेल्या दोन कंपन्यांचे ताळेबंद अगदी वेगळे दिसतात. एकीकडे ४ कोटींची शोध मालमत्ता, दुसरीकडे ४ कोटींचा संचित तोटा.

पहिली कंपनी लाभांशाच्या जवळ आहे असा समज चुकीचा आहे. ती मालमत्ता म्हणजे खर्च झालेले पैसे, विकून मिळणारे नव्हेत. परवान्याची मुदत संपत आली, पुढच्या कामाला निधीच ठेवला नाही किंवा तिथे व्यापारी प्रमाणात खनिज नाही असे ठरले, की ती किंमत उतरवावी लागते आणि एका तिमाहीत सगळा फरक नाहीसा होतो.

प्रतिसाद: रॉयल्टीवाला

आतापर्यंत सगळे रोख लाभांशाबद्दल बोलले. शोध कंपनीला झेपणारा आणि माझ्या मते सर्वात प्रामाणिक लाभांश रोख नसतोच, तो वस्तुरूपात असतो. रोकड जागची हलत नाही, भागधारकाच्या हातात मात्र वेगळे मूल्य येते.

ग्रेट बेअर रिसोर्सेस हे ठळक उदाहरण. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या रेड लेक भागातला डिक्सी हा त्यांचा सोन्याचा प्रकल्प. २०२० मध्ये त्यांनी प्रकल्पावर २ टक्के निव्वळ स्मेल्टर परताव्याची रॉयल्टी तयार केली, ती ग्रेट बेअर रॉयल्टीज या वेगळ्या कंपनीत ठेवली आणि तिचे शेअर भागधारकांना वाटले. मूळ कंपनी किनरॉसने २०२२ च्या सुरुवातीला सुमारे १८० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतली. त्याच वर्षी रॉयल्टीची कंपनी रॉयल गोल्डने सुमारे २० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतली. त्या वाटपापासून दोन्ही शेअर धरून ठेवणाऱ्यांना दोन वेळा मोबदला मिळाला.

ऑस्ट्रेलियात सिरियस रिसोर्सेसने २०१२ मध्ये नोव्हा हा निकेलचा साठा शोधला. २०१५ मध्ये ती इंडिपेंडन्स ग्रुपमध्ये गेली तेव्हा नोव्हाखेरीजची काही शोधक्षेत्रे एस२ रिसोर्सेस या नव्या कंपनीत काढून तिचे शेअर सिरियसच्या भागधारकांना दिले. खरेदीदाराला हवा होता एक प्रकल्प, बाकीची जमीन फुकटात गेली नाही.

बिघडते कुठे तेही सांगतो. नव्या कंपनीला स्वतःचा पैसा देऊन उभे केले नाही तर ती सहा महिन्यांत स्वस्तात शेअर काढते आणि वाटपाचे मूल्य आटते. दोन कंपन्या म्हणजे दोन संचालक मंडळे, दोन लेखापरीक्षणे, दोन नोंदणी शुल्के. आणि प्रकल्पावर आधीच २-३ टक्के रॉयल्टी असताना आणखी २ टक्के चढवली तर कमी प्रतीच्या धातुकाचे अर्थकारणच कोसळते. रॉयल्टी नफ्यावर नसते, वितळवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेल्या विक्रीवर असते. खाण तोट्यात असली तरी ती द्यावीच लागते.

प्रतिसाद: नवा_भागधारक

म्हणजे नियमित लाभांश देणारी शोध कंपनी नसतेच का?

प्रतिसाद: रॉयल्टीवाला

असते, पण तिचे रूप वेगळे. प्रकल्प घडवून विकणारी कंपनी जमीन स्वस्तात घेते, सुरुवातीचे नकाशे, मातीचे आणि खडकांचे नमुने एवढे काम स्वतः करते आणि ड्रिलिंगचा मोठा खर्च भागीदारावर टाकते. बदल्यात रोख, भागीदाराचे शेअर आणि रॉयल्टी. अशा अनेक रॉयल्टींतली एखादी प्रत्यक्ष खाणीची झाली की स्थिर उत्पन्न सुरू होते. कॅनडातली अल्टियस मिनरल्स याच वाटेने गेली आणि लाभांश देते. अशा कंपनीत एकच कसोटी लावा: आवर्ती रॉयल्टी उत्पन्नातून कार्यालयाचा खर्च आणि लाभांश दोन्ही निघतात का? भागीदारांचे शेअर विकून लाभांश दिला जात असेल तर तो टिकणार नाही.

प्रतिसाद: गाभा_नमुना

उत्पादनाकडे निघालेल्या कंपन्यांबद्दल लिहितो, कारण "खाण सुरू झाली की लाभांश" हे वाक्य सादरीकरणात फार सहज टाकले जाते.

खाण उभारायला प्रकल्प कर्ज घेतलेले असते. त्या करारात लाभांशाला कुलूप असते. आधी पूर्णत्व चाचणी, म्हणजे कारखान्याने ठरलेल्या क्षमतेने आणि ठरलेल्या धातूप्राप्तीने काही काळ सलग चालून दाखवायचे. मग कर्जफेडीच्या राखीव खात्यात बहुधा सहा महिन्यांचे हप्ते भरायचे. मग कर्जफेड क्षमतेचे गुणोत्तर, म्हणजे हाती येणारी रोख भागिले हप्ते, ठरलेल्या पातळीच्या वर हवे, साधारण १.२ ते १.३. त्याउपर काही कर्जांत जादा रोख आपोआप कर्जाकडे ओढली जाते. या सगळ्यातून झिरपून आले तर लाभांश. सोन्याची पहिली वीट ओतल्यापासून दोन-तीन वर्षे सहज जातात, आणि सुरुवातीला क्षमता गाठायला उशीर झाला तर आणखी.

दुसरी गल्लत सर्वसमावेशक खर्चाच्या, म्हणजे एक औंस सोने काढायला लागणाऱ्या खर्चाच्या आकड्याची. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने २०१३ मध्ये आणलेला हा आकडा उपयोगी आहे, पण त्यात आयकर, व्याज आणि विस्ताराचा भांडवली खर्च येत नाही. भाव वजा हा खर्च, गुणिले औंस, एवढे करून "इतका लाभांश देता येईल" म्हणणे म्हणजे बँक आणि करखाते या दोन्ही दारांना विसरणे.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची: खाण संपते. आठ वर्षे आयुष्य असलेल्या खाणीच्या शेअरवर दरवर्षी १२ टक्के लाभांश मिळतो म्हणून ती आकर्षक वाटते. आठ वर्षांत मिळाले ९६ टक्के. मुद्दलही पुरते परत आलेले नाही. नवा साठा सापडला नाही तर शेवटी शेअरची किंमत जवळजवळ शून्य. या लाभांशातला मोठा भाग तुमच्याच भांडवलाची परतफेड असतो, म्हणून इतर उद्योगांच्या लाभांश दराशी त्याची तुलना करू नये.

ऑस्ट्रेलियातल्या सँडफायर कंपनीची डिग्रूसा ही तांब्याची खाण बघा. २००९ मध्ये शोध, २०१२ मध्ये उत्पादन, २०२२ मध्ये खाणकाम समाप्त. साठा संपत आला तेव्हा कंपनीने कर्ज आणि नवे शेअर घेऊन स्पेनमधला माट्सा हा खाणसमूह विकत घेतला. लाभांश द्यायचा की पुढची खाण घ्यायची, हा प्रश्न एका खाणीच्या प्रत्येक कंपनीपुढे असाच येतो.

प्रतिसाद: हक्कभाग

गाभा_नमुना यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर: पहिल्यांदा लाभांश जाहीर करणाऱ्या छोट्या उत्पादकाने ठरावीक रक्कम कबूल करू नये. बीएचपी आणि रिओ टिंटोसारख्या बड्या खाण कंपन्यांनाही दरवर्षी न घटणाऱ्या लाभांशाचे धोरण २०१६ मध्ये सोडावे लागले आणि दोघीही नफ्याच्या टक्केवारीवर आल्या. त्यांच्याकडे अनेक खाणी आणि अनेक धातू आहेत. एका खाणीच्या, एका धातूच्या कंपनीने ते ओझे घेऊच नये. मुक्त रोख प्रवाहाचा (सगळा खर्च भागून उरलेल्या रोखीचा) ठरावीक टक्का, आणि तोही किमान रोख शिल्लक राहिल्यावरच, हे योग्य.

प्रतिसाद: खडकवाचक

मूळ मागणीकडे येतो. शोध कंपनीच्या धोरणात माझ्या मते इतके तरी असावे.

मोकळी रोख कशी मोजतात याची व्याख्या, आणि तिची किमान पातळी महिन्यांत. "एकरकमी प्राप्ती" कशाला म्हणायचे: प्रकल्पविक्री, रॉयल्टीविक्री, भागीदाराचे मोठे हप्ते, हाती असलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरची विक्री. अशी रक्कम आल्यापासून ९० दिवसांत मंडळाने तिच्या वाटणीचा निर्णय जाहीर करावा. निर्णय "वाटायचे नाही" असा असला तरी चालेल, पण कारण आणि पर्यायी कामाचा खर्च लिहिलेला हवा. मोबदला शेअरमध्ये मिळाला असेल तर ते शेअर वस्तुरूपात वाटणार की ठेवणार, आणि विक्रीबंदीचा काळ किती. संचालकांचा बोनस त्या विक्रीवर ठरत असेल तर तो भागधारकांना पैसे पोचल्यानंतरच.

शेवटच्या कलमावर सर्वात जास्त विरोध होतो. म्हणून ते सर्वात आधी मागा.

वाटणीचा टक्का आधीच ठरवून टाकावा असे मी म्हणणार नाही. दोन चांगली ड्रिल छिद्रे लागलेल्या प्रकल्पाला पैशाची खरी गरज असू शकते.

प्रतिसाद: कलम_उपकलम

वाटप झालेच तर कराची बाजू आधी तपासा, कारण इथे कंपनीने शब्द कसा वापरला यापेक्षा कागद कसे केले हे महत्त्वाचे.

कॅनडातल्या सार्वजनिक कंपनीने भरणा भांडवल, म्हणजे शेअरपोटी भागधारकांनी भरलेला पैसा, परत केले तर ती रक्कम साधारणपणे लाभांशच मानली जाते. अपवाद आहे: पैसा नेहमीच्या व्यवसायाबाहेरच्या विक्रीतून आलेला असावा, विक्री वाटपाच्या आधीच्या २४ महिन्यांतली असावी आणि त्याच विक्रीपोटी आधी असे वाटप झालेले नसावे. म्हणून प्रकल्प विकून मंडळ अडीच वर्षे विचार करत बसले तर तीच रक्कम भागधारकासाठी करपात्र लाभांश होऊ शकते. खडकवाचक यांच्या ९० दिवसांच्या कलमाला हा आणखी एक आधार.

फ्लो-थ्रू शेअर धरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. त्या शेअरची करासाठीची खरेदी किंमत शून्य धरली जाते. भांडवल परतावा त्या किमतीतून वजा होतो, आणि किंमत शून्याखाली गेली की फरक त्याच वर्षी भांडवली नफा ठरतो. तुमच्याकडे त्याच कंपनीचे साधे शेअरही असतील तर सरासरी किंमत काढून मग वजा करा. वस्तुरूप वाटपात मिळालेल्या नव्या शेअरची खरेदी किंमत कोणती धरायची ते कंपनीच्या परिपत्रकात सहसा दिलेले असते. परिपत्रक जपून ठेवा, विक्रीच्या वर्षी ते लागते.